शेवटच्या दिवसाची वाट

आपल्यापैकी अनेकांच्या नात्यागोत्यात ख्रिस्ती झालेली घराणी आहेत. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, आपले ठाणे मांडले आणि पुढे त्या भागातील पुष्कळ महार कुटुंबांनी बाप्तिस्मा घेतला. त्या सोयऱ्यांच्या मयतीला आपण जातो. मृत मनुष्य अंतिम दिवशी पुन्हा उठेल, असे पाळक तेथे सांगतो. परत येताना आपले शिकलेले तरुण त्या बोलण्याला हसतात. ते हसणे मी ऐकले आहे आणि ते मला आवडलेले नाही. ज्याची परीक्षाच केली नाही, त्याला हसण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

ख्रिस्ती श्रद्धा थोडक्यात अशी : ख्रिस्त पुन्हा येईल, मेलेले उठतील, सर्वांचा न्याय होईल आणि मग नवे आकाश व नवी पृथ्वी निर्माण होऊन तेथे मरण व अश्रू राहणार नाहीत. हे केव्हा घडेल ते कोणालाही ठाऊक नाही, असे बायबलच सांगते. तरीही तारीख काढण्याचा मोह माणसांना वारंवार झाला. त्यांपैकी एकाची हकीकत आपण लक्षपूर्वक ऐकावी.

विल्यम मिलर हा न्यूयॉर्क राज्यातील एक शेतकरी. दानीएलाच्या ग्रंथातील २३०० दिवस म्हणजे २३०० वर्षे, असा अर्थ लावून आणि इसवी सनापूर्वी ४५७ पासून मोजून १८४३ च्या सुमारास ख्रिस्त येईल, असा हिशेब त्याने मांडला. जोशुआ हाइम्स नावाच्या बोस्टनच्या धर्मोपदेशकाने वृत्तपत्रे काढून तो सर्वत्र पसरविला. मिलरने सांगितलेली मुदत टळली. मग त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा नेमका दिवस ठरविला. कित्येकांनी कामधंदा सोडला. न्यू हॅम्पशायरमधील एका शेतकऱ्याने आपले बटाटे जमिनीतून काढलेच नाहीत, असे सांगतात. जग संपणार असेल तर काढणी कोणासाठी करायची? रात्रभर हजारो लोक जागले. उजाडले ते नेहमीसारखेच. इतिहासात त्या दिवसाला 'महान निराशा' असे नाव पडले आहे.

या मंडळींना मूर्ख म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण त्यांच्यातील कितीतरी जण गुलामगिरीचे कट्टर विरोधक होते. स्वतः हाइम्स त्या चळवळीतला माणूस. माझा आक्षेप त्यांच्या आशेवर नाही. गुलामगिरी मोडण्याचे काम माणसांचे की येणाऱ्या प्रभूचे, हा प्रश्न तारीख ठरताच त्यांच्यापैकी अनेकांच्या मनात मागे पडला, हे मला खटकते. जो मंगळवारी जग संपणार असे मानतो, तो बुधवारच्या सभेला कशाला जाईल?

याच लोकांच्या तंबूंत १८४३ साली एक काळी स्त्री येऊन गेली. सोजर्नर ट्रूथ तिचे नाव. ते तिने त्याच वर्षी स्वतः घेतले होते. न्यूयॉर्क राज्यात ती गुलाम म्हणून जन्मली आणि अनेकदा विकली गेली. तिला लिहितावाचता येत नव्हते. तिच्या पाच वर्षांच्या सुमाराच्या मुलाला कायदा मोडून दूर अलाबामात विकण्यात आले, तेव्हा तिने न्यायनिवाड्याच्या अंतिम दिवसाची वाट पाहिली नाही. ती किंग्स्टनच्या न्यायालयात गेली आणि १८२८ साली तिने आपला मुलगा परत मिळविला. त्याच्या अंगावर फटक्यांचे वण होते.

ही बाई ख्रिस्ती होती, ख्रिस्तावर तिची अढळ निष्ठा होती. तिने पाहिले की त्या मेळाव्यातले लोक भयाने व उत्साहाने बेभान झाले आहेत. एका झाडाच्या खुंटावर चढून तिने त्यांना शांत होऊन आपापल्या तंबूत जाण्यास सांगितले. मग त्यांच्या उपदेशकांना तिने जे सुनावले, ते तिच्या १८५० साली छापलेल्या आत्मकथनात आले आहे. त्याचा आशय असा की, दुष्ट जळेपर्यंत तुम्ही वर कोठेतरी दिवाणखान्यात बसणार आणि नंतर त्यांच्या राखेवरून मिरवत परत येणार. यात मला काही विशेष चांगले दिसत नाही. आग लागलीच तर मी येथेच राहीन, आगीतही येशू माझ्याबरोबर असेल.

वाचकहो, हे बोल पुन्हा एकदा मनात आणा. शाश्वत जीवनाची आशा तिने सोडलेली नाही. दुसऱ्यांची राख पाहून सुखावणारी आशा मात्र तिने नाकारली. जिला विकले गेले, जिच्या मुलाला मारले गेले, तिला सूडाचे स्वप्न पाहण्याचा अधिकार इतर कोणाहीपेक्षा अधिक होता. आपल्यालाही कधीकधी असे स्वप्न पडते, हे आपण प्रामाणिकपणे कबूल करू या. मरणोत्तर जीवनाविषयी आपल्या धम्माची दृष्टी निराळी आहे. तो विषय येथे काढत नाही. परंतु सोयऱ्याच्या श्रद्धेची परीक्षा करावयाचीच असेल, तर ती मेल्यावर उठणे शक्य की अशक्य या वादाने होणार नाही. ती श्रद्धा बाळगून तो गावच्या अन्यायापुढे उभा राहतो की बसून राहतो, एवढेच पाहावे. आणि हाच प्रश्न त्याने उलट आपल्याला विचारला, तर रागावू नये.

मिलर १८४९ साली वारला. आगमन जवळ आले आहे, ही त्याची खात्री शेवटपर्यंत टिकली. त्या निराशेतून सावरलेल्या काही अनुयायांनी १८६३ साली बॅटल क्रीक या गावी सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट पंथाची संघटना केली. पुण्यातील औंधचे स्पायसर विद्यापीठ याच पंथाचे. दवाखाने आणि शाळा हे त्यांचे मोठे काम. वाट पाहणाऱ्यांनी हातही चालविले, हे न्यायाने सांगितले पाहिजे.

सोजर्नर ट्रूथही पुढे त्याच बॅटल क्रीकला राहिली. १८६५ साली वॉशिंग्टनमध्ये ट्रामच्या वाहकाने तिला ढकलून तिचा खांदा दुखावला, तेव्हा तिने त्याला अटक करविली आणि त्याची नोकरी गेली. तिचे वय तेव्हा सत्तरीकडे झुकले होते.