कप कोण विसळतं?

"हॉटेलात कुठं जात राहिलीय? बिल देताना कोण विचारतं?" असं आपलेच दोस्त म्हणतात. नोकरीला चिकटलेले. रविवारी बायकापोरं घेऊन जळगावला शेवभाजी खायला जाणारे. खा लेको, पोटभर खा. पण ऐका.

१९२९ साली बाबासाहेब धुळ्याकडच्या एका गावी बहिष्काराची चौकशी करून चाळीसगावला उतरले. बॅरिस्टर. सरकारी समितीचे सभासद. टांगेवाल्यांनी टांगा हाकायला नकार दिला. मग वस्तीतल्याच एका नवशिक्यानं हाकला. पुलावर चाक अडकलं, बाबासाहेब दगडावर आपटले, पाय मोडला. बॅरिस्टरीनं टांगेवाला मिळाला नाही, तुमच्या बिलानं जात फिटेल?

मी मुंबईत गोदीत ओझी वाहतो. १४ एप्रिलला गावी गेलो, बापाला धुळ्याला हॉटेलात नेलं. शेवभाजी, भाकरी, वर चहा. चहा संपला तसा बाप कप घेऊन मोरीकडं निघाला. "मीच धुई टाकस." गावच्या हॉटेलात त्याचा फुटका कप छपराला खोचलेला असायचा. प्यायचा, विसळायचा, परत खोचायचा. १९५५ च्या कायद्यानं तो गुन्हा ठरला. बापाच्या हाताला ते कोणी सांगितलं?

मी कप हिसकावला, टेबलावर आपटला. म्हणालो, "बस, बाबा!" तर मोरीवरनं दहा-बारा वर्षांचं भिलाचं पोर धावत आलं, कप उचलून गेलं. बाप त्याच्याकडं बघतच राहिला. माझा माज उतरला.

दोस्तांनो, आपण टेबलावर आलो नि मोरीवर दुसऱ्याचं पोर बसलं, याला मुक्ती म्हणायची? पुढच्या रविवारी गल्ल्यावरच्या शेठला विचारा : हे पोर शाळेत का नाही? कप तू विसळ.