नांगराला लागलेली वस्तू

शेतात नांगराला एखादी जुनी धातूची वस्तू लागली, तर तुम्ही काय कराल? बहुतेक जण ती घरी आणून चिंचेने घासतील. माझ्या मते हीच मोठी चूक आहे.

श्रीरामपूर तालुक्यात प्रवरा नदीकाठी दायमाबाद आहे. तेथे १९७४ साली एका शेतकऱ्याला खणताना चार भरीव धातूशिल्पे सापडली : बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. एकूण वजन ६० किलोहून अधिक! संशोधक तेथे नंतर पोहोचले. तोवर शिल्पे जागेवरून हलली होती. ती मातीच्या कोणत्या थरात होती, हे संशोधकांना पाहता आले नाही. म्हणून काही विद्वान त्यांना हडप्पा संस्कृतीच्या अखेरच्या काळातील मानतात, तर काहींना धातूतील आर्सेनिकमुळे शंका वाटते.

यात शेतकऱ्याचा काय दोष? त्याला कोणी सांगितले होते? तुम्हाला मात्र मी सांगतो आहे. वस्तू हलवू नका. शेजारचे खापर, मणी, राखसुद्धा तशीच राहू द्या आणि तलाठ्याला कळवा. घरचे म्हणतील, “सरकार फुकट नेईल!” तसे नाही. १८७८ च्या कायद्याप्रमाणे बेवारस ठरलेला ऐवज सरकारने घेतला, तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो. रक्कम फार नसेल, पण भंगारवाला तेवढीही देणार नाही.