फिकट मुलांचा हिशेब

‘पोराच्या अंगात रगात न्हाई’ हे वाक्य आमच्या करवीर-पन्हाळ्याच्या खेड्यांत इतक्या सहजतेने उच्चारले जाते की, ते एखाद्या रोगाचे लक्षण असू शकते याचाही विसर पडावा. पाऊस कमी झाला, उसाला दर मिळाला नाही, तसेच पोराच्या अंगात रक्त नाही! दारिद्र्याच्या अनेक खुणांपैकी ती एक खूण मानली जाते आणि लोहाच्या औषधाची बाटली हाती पडली की विषय संपतो. तो विषय बाटलीपाशी संपू देणे किती महागात पडते, हे सांगण्यासाठी आजचा लेखनप्रपंच.

प्रथम आकड्यांकडे पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) महाराष्ट्रातील ६ ते ५९ महिने वयाची ५३.८ टक्के बालके रक्तक्षयी आढळली. पाचव्या फेरीत (२०१९-२१) हेच प्रमाण ६८.९ टक्क्यांवर गेले. देशाचा आकडा याच काळात ५८.६ वरून ६७.१ झाला. दुसरीकडे, २०१६-१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण पाहणीत एक ते चार वर्षांच्या मुलांत हे प्रमाण सुमारे ४१ टक्केच निघाले. एका पाहणीने बोट टोचून थेंब घेतला, दुसरीने शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत तपासले. फरकाचे एक मोठे कारण तेथे आहे. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सहा ते तेवीस महिन्यांच्या बालकांसाठी हिमोग्लोबिनची मर्यादा ११ वरून १०.५ ग्रॅमवर आणली. कुटुंब आरोग्य पाहणीच्या सहाव्या फेरीतून तर रक्तक्षयाची मोजणीच वगळून ती वेगळ्या पाहणीकडे सोपविण्यात आली. मोजण्याची रीत सुधारत असेल तर तिचे स्वागतच केले पाहिजे. मात्र उद्या आकडा खाली आला तर तो रीत बदलल्यामुळे आला की मुलांच्या ताटात काही अधिक पडल्यामुळे आला, हा प्रश्न विचारण्याचा हक्क आपण सोडता कामा नये.

अर्थशास्त्र शिकविण्यात हयात घालविलेल्या माणसाला हिमोग्लोबिनचा आकडा दरडोई उत्पन्नासारखा वाटतो. दरडोई उत्पन्नावरून देश गरीब आहे एवढे कळते. तो का गरीब आहे आणि कोणाच्या घरी चूल पेटत नाही, हे कळत नाही. हिमोग्लोबिन आठ ग्रॅम आहे म्हणजे मूल फिकट आहे, एवढेच. ते लोहाच्या अभावाने फिकट असेल, फॉलिक आम्ल किंवा ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावाने असेल, जंतांनी किंवा हिवतापाने असेल. तसेच ते थॅलसेमियाने, सिकलसेलने किंवा रक्ताच्या कर्करोगानेही असू शकेल. बहुसंख्य मुलांत कारण साधे असते, हे खरे. परंतु उरलेल्यांना ओळखण्याची सोय नसेल, तर साध्या कारणाचे औषध त्यांच्यासाठी कालापव्ययाचे साधन ठरते.

आणि ओळखण्याची पहिली पायरी काही अवघड नाही. रक्ताच्या साध्या संपूर्ण तपासणीत हिमोग्लोबिनबरोबर तांबड्या पेशींची संख्या आणि त्यांचे सरासरी आकारमानही छापून येते. लोहाच्या अभावात पेशी लहान होतात आणि बहुधा कमीही होतात. थॅलसेमियाच्या वाहकात पेशी लहान असूनही त्यांची संख्या भरपूर असते. आकारमानाला संख्येने भागावे. भागाकार तेराच्या आत आला तर थॅलसेमियाचा संशय घ्यावा, हा ठोकताळा डॉक्टरांच्या परिचयाचा आहे. तो अंतिम निर्णय नव्हे. निर्णयासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी एचपीएलसी चाचणी लागते. काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली जाणत्या नजरेने पाहिला तर विळ्याच्या आकाराच्या पेशी दिसू शकतात आणि कर्करोगाच्या अपक्व पेशींचीही चाहूल लागते. मुलांमधील रक्ताचा सर्वांत अधिक आढळणारा कर्करोग आज श्रीमंत देशांत दहापैकी सुमारे नऊ मुलांत बरा होतो. आपल्याकडे जी मुले वाचत नाहीत, त्यांपैकी कित्येक निदानापर्यंत उशिरा पोहोचतात किंवा पोहोचतच नाहीत.

प्रस्तुत लेखकाचा एक जुना विद्यार्थी इचलकरंजीत सुताच्या दुकानी हिशेबनीस आहे. त्याची मुलगी सात-आठ महिन्यांची असल्यापासून पांढरी पडू लागली. पाच महिन्यांत तीन औषधे बदलली, जोतिबाला नवस झाला, पोट वाढले ते जंतांमुळे असे ठरले. अखेर एका तरुण डॉक्टरीणबाईंनी पोटावर हात ठेवला, वाढलेली प्लीहा त्यांच्या हाताला लागली आणि त्यांनी आईबापांचेही रक्त तपासावयास सांगितले. दोघेही थॅलसेमियाचे वाहक निघाले; ती त्याच्या मामाचीच मुलगी. निदान झाले त्या वेळी आई पुन्हा सातव्या महिन्यात होती. अशा दांपत्याच्या प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक असते आणि गर्भाची तपासणी तिसऱ्या महिन्याच्या सुमारास करता येते. ती वेळ टळून गेली होती. दुसरे मूल सुदैवाने निरोगी निघाले. पण पाच महिन्यांच्या त्या विलंबाने एका मुलीचे उपचार लांबविले आणि एका आईचा विचार करण्याचा अधिकारही हिरावून घेतला. चार चिठ्ठ्यांतली एक उचलावी, तसे तिला दुसऱ्या मुलाला सामोरे जावे लागले.

हा विषय कोल्हापूरला परका नाही. ज्या वळिवड्याच्या छावणीत दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे निर्वासित राहिले, तेथेच फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर वसले. थॅलसेमियाचे वाहक सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली या समाजांत तुलनेने अधिक आढळतात. पण ते सर्वच जातींत आहेत. सिकलसेल सातपुड्यातील आणि विदर्भातील आदिवासी व दलित वस्त्यांत अधिक आहे. त्या मुलांच्या तपासणीसाठी पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी नंदुरबारच्या पाड्यांत दीर्घकाळ काम केले आणि २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या दोषांचे वाहक पिढ्यान्‌पिढ्या हिवतापापासून काही अंशी बचावले, म्हणून तो वारसा टिकून राहिला, असे विज्ञान सांगते. त्यात कोणत्याही जातीचे पाप नाही. पाप असलेच तर जातीच्या आणि नात्यागोत्याच्या कुंपणातच सोयरीक करण्याच्या अट्टाहासात आहे. कारण दोन वाहकांची गाठ तेथेच वारंवार पडते. आंतरजातीय विवाहाला कायद्याचा आधार देणाऱ्या शाहू महाराजांच्या नगरीने हे तरी समजून घ्यावयास हवे.

सरकारी कागद पाहिले तर तक्रारीला जागा दिसत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथे सुरू झाला. अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी व्हावी, असे त्यात ठरले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने थॅलसेमिया, हिमोफिलिया व सिकलसेल यांना दिव्यांगत्व म्हणून मान्यता दिली. नोकरीतील चार टक्के राखीव जागांच्या यादीत मात्र त्यांना स्थान दिले नाही. २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम निघाली, २०४७ हे उद्दिष्टवर्ष ठरले. पण मोहीम फिरते आणि निघून जाते. मूल मात्र रोजच्या रोज प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दारात उभे असते. त्या दारात नमुना घेणारा तंत्रज्ञ कायम नोकरीत आहे का, अहवाल किती दिवसांनी येतो, आलेला अहवाल कोणी वाचतो का, यावर सारे अवलंबून आहे. आणि गळीत हंगामात बीडकडून येणाऱ्या ऊसतोड्यांच्या मुलांचे काय? त्यांचे नाव गावच्या अंगणवाडीत असते आणि देह आमच्या फडात. तपासणीपथक दोन्हीकडून रिकाम्या हाताने परतते.

आता खर्चाचा मुद्दा. थॅलसेमियाच्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, साठणारे लोह उतरविण्याचे औषध आयुष्यभर द्यावे लागते आणि प्रत्येक खेपेला बापाची मजुरी बुडते. सायप्रससारख्या छोट्या देशाने हा हिशेब अर्धशतकापूर्वी मांडला, वाहकांच्या तपासणीची व्यवस्था उभी केली आणि आजारी मुलांचे जन्म जवळजवळ थांबविले. परंतु येथे एक सावधगिरी हवी. काटकसरीचा युक्तिवाद फार ताणला तर जन्माला आलेले मूल हा तोट्याचा जमाखर्च ठरतो. समाजवादी माणसाच्या खतावणीत दोन्ही नोंदी शेजारी शेजारी असल्या पाहिजेत: पुढचा आजार टाळण्याची तरतूद आणि आज आजारी असलेल्या मुलाला रक्त, औषध व शाळा मिळण्याची हमी. पहिली नोंद दाखवून दुसरी खोडता येणार नाही.

तसेच वाहक असणे हा आजार नव्हे, हे घरोघर सांगितले पाहिजे. नाही तर चाचणीचा कागद मुलीच्या पदरात बांधला जाईल आणि मुलगा नामानिराळा राहील. गरोदर स्त्री वाहक आढळली तर नवऱ्याची तपासणी त्याच आठवड्यात झाली पाहिजे आणि तो अहवाल गावच्या चावडीवर पोहोचता कामा नये.

म्हणून आपल्या मागण्या साध्या असाव्यात. महिनाभर लोह नियमित देऊनही हिमोग्लोबिन एक ग्रॅमने वाढले नाही, तर दुसरी बाटली देण्याआधी मुलाची पुढील तपासणी व्हावी. वाढलेली प्लीहा, अंगावरचे काळे-निळे डाग, हटत नसलेला ताप, रांगू लागताच सुजणारे गुडघे असलेल्या मुलाला विनाविलंब जिल्हा रुग्णालयात पाठवावे. तेथे हिमोग्लोबिनची विशेष चाचणी मोफत आणि ठरलेल्या मुदतीत मिळावी. तंत्रज्ञांची रिक्त पदे कायम स्वरूपात भरावीत. साखर कारखान्यांच्या तळांवर हंगामात तपासणीपथके जावीत. कार्यकर्त्यांनी आपापल्या आरोग्य केंद्रात जाऊन किती मुलांना लोहाचे औषध दिले आणि त्यांपैकी किती जणांचे रक्त पुन्हा तपासले, हे दोन आकडे मागावेत. या दोन आकड्यांतील अंतर हाच ग्रामसभेतील आपला विषय. रक्तदान शिबिरे आपण भरवतोच. त्यांतील रक्त या मुलांपर्यंत विनामूल्य पोहोचते की नाही, हेही पाहावे.

१९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले, तेव्हा मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड होता. त्या दंडामागे एक कबुली होती: मुलाची जबाबदारी एकट्या घराची नाही, ती राज्याचीही आहे. आज आईबाप फिकट मूल कडेवर घेऊन दवाखान्याच्या दारात स्वतःहून येतात. त्यांनी आपले काम केले आहे. बाटली देऊन त्यांना परत पाठविणाऱ्या राज्याला दंड कोणी करावयाचा, एवढाच प्रश्न उरतो, आणि तो विचारण्याचे काम आपले आहे.