टेराकोटा लावा, पण आधी ट्यूब बदला

गडद टेराकोटाचं नाव काढलं की ठाण्यातली माझी गिऱ्हाइकं एकच प्रश्न विचारतात, "ताई, खोली लहान नाही का दिसणार?" दिसेल थोडी. पण दहा बाय बाराची खोली पांढऱ्या रंगानं तेरा बाय पंधराची झालेलीही मी कधी पाहिली नाही. मग तडजोड म्हणून टीव्हीमागची एकच भिंत रंगवायची ठरते, उरलेल्या तीन क्रीम. या तडजोडीला माझा ठाम विरोध आहे. त्या एका भिंतीवर नेमका काळा टीव्ही येतो, आणि रंग उरतो तो चौकटीपुरता.

आपल्याकडे हा रंग असा कोपऱ्यात उभा केलेला नव्हता. डहाणू-जव्हारकडच्या वारली घरांत सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर गेरू आणि त्यावर तांदळाच्या पिठाची पांढरी चित्रं. गोव्यात मोरजीच्या मोरजाई मंदिरात कावीचं काम आहे. त्यात ओल्या चुन्यावर तांबड्या मातीचा थर देतात आणि तो खरवडून खालचा पांढरा बाहेर काढतात. दोन्हीकडे तांबड्याला पांढऱ्याची बारीक रेघ मिळते. म्हणून मी खोलीच्या चारही भिंती रंगवायला सांगते आणि छत, चौकटी स्वच्छ पांढऱ्या ठेवते. तेवढी हिंमत नसेल तर जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांपर्यंतचा पट्टा घ्या. मुलांच्या हातांचे डाग नाहीतरी तिथेच पडतात.

खरा शत्रू छतालगत लटकलेला असतो. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबच्या उजेडात तांबड्याचा अंश कमी आणि निळ्याचा जास्त. त्याखाली टेराकोटा शिळ्या कलेजीसारखा काळवंडतो आणि दोष रंगाला जातो. २७०० ते ३००० केल्विनचे पिवळसर दिवे लावा, तीच भिंत तापल्यासारखी उजळते. शेड कार्डावरचा इंचभर तुकडा दुकानाच्या झगझगाटात पाहून निवड करू नका. भिंतीवर दोन बाय दोनचा नमुना मारून घ्या आणि तो दिवेलागणीला पाहा.

उन्हाची भीती मात्र नको. शेड रेड ऑक्साइड आणि यलो ऑक्साइड घालून बनवलेली असेल, तर पश्चिमेच्या खिडकीशेजारीही ती सहजी विटत नाही. लोखंडाचे हे रंग उन्हाला दाद देत नाहीत. दुकानदाराला मिश्रण विचारा, मशीनवर लिहिलेलं असतं. गडद बेसमध्ये पांढरं पिगमेंट कमी असतं, त्यामुळे दोन हातांत भागेलच असं नाही. तिसऱ्या हाताचे पैसे ठेकेदाराशी आधीच बोलून घ्या.

ओलीचं काय? गणपती ते दिवाळी या घाईत सगळं शहर रंगवून निघतं, आणि पावसाचं पाणी प्यालेल्या भिंती तेव्हा नीट वाळलेल्या नसतात. पांढऱ्या भिंतीवर लोणा खपून जातो. टेराकोटावर तो मिठागरासारखा फुलतो. तेव्हा हा रंग संक्रांतीनंतर काढा, आणि बाथरूमला लागून असलेल्या भिंतीला तर लावूच नका.

भाड्याचं घर असेल तर मालकाला लेखी विचारा. हा रंग पुन्हा पांढरा करायचा तर प्रायमरचा एक हात आणि वर रंगाचे किमान दोन हात लागतात, आणि तो खर्च डिपॉझिटमधून कापून घ्यायला मालक विसरत नाहीत.