सागर संशोधनाच्या जहाजावर आमच्या मुलांना जागा किती?

गोव्यात दोनापावला येथे केंद्र सरकारची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. गोवा पाहायला गेलेले आपले लोक तिच्यासमोरून जेट्टीकडे जातात, फोटो काढतात आणि परत येतात. आत काय चालते याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. आत जे चालते ते जनतेच्या पैशातून चालते आणि त्या जनतेत आम्हीही आहोत. म्हणून ही चौकशी आम्ही करीत आहोत.

या संस्थेचा जन्मच मुळी आंतरराष्ट्रीय भागीदारीतून झाला. १९६२ ते १९६५ या काळात अनेक देशांनी मिळून हिंदी महासागराची मोहीम काढली. सुमारे चाळीस जहाजे तीत सहभागी झाली. त्या जहाजांनी गोळा केलेले सूक्ष्म जीवांचे नमुने निवडण्यासाठी युनेस्कोच्या मदतीने कोचीनला केंद्र निघाले, आणि मोहीम संपताच १ जानेवारी १९६६ रोजी या संस्थेची स्थापना झाली. कोचीनचे केंद्र पुढे तिचाच भाग बनले. १९८६ पासून जर्मनीतील हॅम्बुर्ग विद्यापीठाबरोबर अरबी समुद्रात खोलवर सापळे सोडून वरून खाली पडणारा गाळ मोजण्याचे काम झाले. मान्सूनचे वारे समुद्राच्या तळापर्यंत किती अन्न पोहोचवतात हे त्यातून जगाला कळले. हिंदी महासागराच्या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय मोहिमेची सुरुवातही डिसेंबर २०१५ मध्ये गोव्यातच झाली.

हे सारे अभिमानास्पद आहे, यात शंका नाही. परदेशी सहकार्य म्हणजे साम्राज्यवाद्यांची घुसखोरी, असे आपल्याच चळवळीतील काही मित्र म्हणतात. ते आम्हाला मान्य नाही. कोलंबिया विद्यापीठ, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन या परदेशी संस्थांनी बाबासाहेबांना काय दिले हे ज्यांना ठाऊक आहे, ते सहकार्याला विरोध करणार नाहीत. आमचा प्रश्न एवढाच आहे की या सहकार्याच्या पंगतीत बसते कोण?

वाचकांना वाटेल, सरकारी संस्था आहे, आरक्षण असणारच. आहे, पण ते कुठे थांबते ते पाहा. २३ जून १९७५ च्या केंद्र सरकारच्या आदेशानुसार, संशोधन करणे, त्याचे संघटन करणे किंवा त्याला दिशा देणे यासाठी असलेली वैज्ञानिक व तांत्रिक पदे, ती 'गट अ'च्या सर्वांत खालच्या श्रेणीच्या वरची असतील तर, आरक्षणातून वगळता येतात. म्हणजे दरवाजाशी आरक्षण आणि आत जिना चढताना नाही! ज्या पायरीवरून करारावर सह्या होतात, मोहिमेचा प्रमुख ठरतो, कोणाला जहाजावर घ्यायचे याचा निर्णय होतो, त्या पायरीवर पोहोचेपर्यंत घटनेने दिलेले संरक्षण मागे राहून जाते.

त्यातून 'भागीदारी' नावाची वस्तू तर पदांच्या यादीत येतच नाही. ती कशी चालते हे समजून घ्या. दोन संस्थांमध्ये सामंजस्य करार होतो. जहाज ठरते. जहाजावर झोपायच्या जागा मोजक्या. ज्या विद्यार्थ्याला जागा मिळाली त्याला स्वतःचे नमुने मिळतात, नमुन्यांतून शोधनिबंध निघतो, निबंधावर परदेशी प्राध्यापकाबरोबर नाव लागते, त्या नावावर परदेशात पुढची फेलोशिप मिळते, आणि चार वर्षांनी परतलेला हा तरुण शास्त्रज्ञ पदाच्या मुलाखतीत सर्वांच्या पुढे असतो. ज्याला जागा मिळाली नाही तो दुसऱ्याच्या नमुन्यांवर काम करीत प्रयोगशाळेत बसतो. मुलाखतीत दोघांची 'गुणवत्ता' मोजली जाते. मग म्हणायचे, योग्य उमेदवार मिळाला नाही! जहाजावरची ती जागा मात्र नोकरीच्या जाहिरातीत छापून येत नाही. ती ठरते ओळखीने, मार्गदर्शकाच्या शब्दाने, इंग्रजीतल्या सफाईने.

कोण्या एका संस्थेने जाणूनबुजून आमच्या मुलांना डावलले, असा आरोप आम्ही करीत नाही. आमचा आक्षेप व्यवस्थेवर आहे, आणि तिचे आकडे बोलके आहेत. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या 'इन्स्पायर फॅकल्टी फेलोशिप'चे २०१६ ते २०२० या काळातील लाभार्थी पाहा. सुमारे ८० टक्के खुल्या प्रवर्गातले, अनुसूचित जातींचे ६ टक्के आणि अनुसूचित जमातींचा तर एक टक्काही नाही. 'नेचर' या विज्ञान नियतकालिकाने जानेवारी २०२३ मध्ये हे आकडे छापले. आपल्या मोठ्या वृत्तपत्रांच्या मुखपृष्ठावर त्यांना किती जागा मिळाली, ते वाचकांनीच आठवावे.

इतिहासाची गंमत पाहा. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाच्या पंगतीला अपात्र ठरवलेल्या ब्राह्मणांच्या यादीत समुद्रप्रवास करणाराही आहे. ज्यांच्या शास्त्राने समुद्र ओलांडणे पाप ठरवले, त्यांच्याच घरची मुले आज महासागराच्या विज्ञानात पुढे आहेत. याचे आम्हाला दुःख नाही, चांगलेच झाले. पण ज्यांच्या पिढ्या समुद्रात गेल्या ते कुठे आहेत? संस्थेचे मुंबई केंद्र अंधेरीला चार बंगल्यापाशी आहे. तिथून वेसाव्याचा कोळीवाडा जवळच. पावसाळा सरता सरता पश्चिम किनाऱ्यालगत प्राणवायू कमी असलेले पाणी वर येते, याविषयीचे या संस्थेचे संशोधन जगभर वाचले जाते. त्याच दिवसांत जाळे टाकणाऱ्या कोळ्याला, खारव्याला, गाबिताला ते त्याच्या भाषेत कोण सांगणार? आणि त्याने अनुभवातून जमवलेले ज्ञान नमुना म्हणून चालेल, पण भागीदार म्हणून तो चालणार नाही काय?

२००९ ची 'लोहाफेक्स' मोहीम या दृष्टीने आठवण्यासारखी आहे. गोव्याची ही संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी 'पोलारस्टर्न' जहाजावरून दक्षिण महासागरात सुमारे ३०० चौरस किलोमीटर भागात लोह सोडले. लोहाने वनस्पती-प्लवक वाढतील, ते हवेतील कार्बन शोषून तळाशी नेतील काय, हे पाहायचे होते. जहाजावरील शास्त्रज्ञांत निम्म्याहून अधिक भारतीय होते. युरोपातील पर्यावरणवाद्यांनी आक्षेप घेताच जर्मन सरकारने प्रयोग थांबवला, तपासणी केली आणि मगच परवानगी दिली. प्लवक वाढले, पण बहुतेक बारीक जीवांनीच खाऊन टाकले. पाण्यात सिलिका कमी असल्याने कवचवाले डायटम वाढले नाहीत, कार्बन फारसा खाली गेला नाही. असा निकाल प्रामाणिकपणे जाहीर करणे हेच विज्ञान. आमचे लक्ष मात्र दुसरीकडे जाते. तिथे सरकारला थांबून जनतेला उत्तर द्यावे लागले. इथे त्या भारतीय शास्त्रज्ञांत अनुसूचित जाती-जमातींचे किती, एवढा साधा प्रश्नही आमच्या लोकप्रतिनिधींनी लावून धरला नाही.

बाबासाहेबांनी हे १९४२ सालीच ओळखले होते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर त्यांनी अस्पृश्यांच्या तक्रारींचे निवेदन सरकारला दिले. त्यात त्यांचे म्हणणे स्पष्ट होते. कला आणि कायद्याच्या शिक्षणाने आपल्या समाजाचे फारसे भागणार नाही, विज्ञान-तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे. त्यासाठी त्यांनी देशातील विज्ञान शिक्षणाला वर्षाला दोन लाख आणि परदेशी शिक्षणाला एक लाख रुपये मागितले. आज ८० वर्षांनंतर काय दिसते? २०२५ च्या जुलैत राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीसाठी १०६ विद्यार्थी निवडले गेले आणि पहिल्या फेरीत पत्रे मिळाली ४० जणांना. बाकीच्यांना निधी उपलब्ध झाला तर देऊ, असे सांगण्यात आले. त्याच देशाने २०२१ मध्ये खोल समुद्र मोहिमेला ४,०७७ कोटी मंजूर केले. समुद्राच्या तळाशी जायला पैसा आहे!

विज्ञान शाखेत शिकणाऱ्या आपल्या मुलांना आणि आपल्या कर्मचारी संघटनांना आम्ही एक काम सुचवतो. माहितीच्या अधिकाराचा अर्ज करायला दहा रुपये लागतात. प्रश्न असे विचारा: गेल्या दहा वर्षांत परदेशी संस्थांबरोबर किती करार झाले, त्यांखाली किती संशोधक-विद्यार्थी जहाजावर वा परदेशात गेले, त्यांचा प्रवर्ग कोणता, निवड कोणी व कोणत्या निकषावर केली, आणि ४५ दिवसांहून अधिक काळाच्या तात्पुरत्या नेमणुकांना आरक्षण असताना प्रकल्पावरील पदे भरताना ते पाळले का. अर्ज एकट्या गोव्याच्या संस्थेला करू नका. हैदराबाद, चेन्नई, कोची येथील समुद्रविषयक संस्थांनाही करा. उत्तर आले, नाही आले, अपुरे आले, जे काही होईल ते आमच्याकडे पाठवा. आम्ही ते याच जागी छापू.