टेप एकच हवी!

सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला सर पहिल्यांदा काय बजावतात? आधी टेप तपासा. टेपच चुकीची असेल तर पुढची सगळी मापं चुकणार. मानवी हक्कांच्या बाबतीत मात्र आपण दोन टेप बाळगतो. एक जगासाठी आणि एक घरच्यासाठी!

१९४६ साली दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न भारताने संयुक्त राष्ट्रसंघात नेला. ‘हा आमचा अंतर्गत मामला आहे,’ असं तिथल्या सरकारचं म्हणणं होतं. आपण ते मानलं नाही, आणि बरोबरच केलं. पुढे २००१ मध्ये त्याच दक्षिण आफ्रिकेत, डर्बनला, वंशभेदविरोधी जागतिक परिषद भरली. इथे जातिभेदावरही बोला, असं दलित संघटना म्हणत होत्या. तेव्हा आपलं सरकार काय म्हणालं? अंतर्गत मामला!

कुणी म्हणेल, अमेरिकेने आधी ग्वांतानामोकडे बघावं. जरूर बघावं. पण शेजारी कॉपी करतो म्हणून आपला पेपर बरोबर ठरत नाही. शिवाय ही टेप परक्यांची कुठे आहे? १९४८ च्या जाहीरनाम्यात ‘सर्व मानव’ हे शब्द यावेत म्हणून आग्रह धरणाऱ्या हंसाबेन मेहता आपल्याच होत्या.

आता घरचं बघू. गेल्या पावसाळ्यात होस्टेलमागचं ड्रेनेजचं चेंबर तुंबलं. एक माणूस कमरेला दोर बांधून आत उतरला. मास्क नाही, गॅस तपासला नाही. हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण वाढलं की नाकाला वासच कळेनासा होतो, हे आपण पाठ करून मार्क मिळवलेत. तरी आम्ही सगळे नाकाला रुमाल लावून लेक्चरला गेलो. मीसुद्धा!

कायदा आहे. सुरक्षेच्या साधनांशिवाय असं कुणाला उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. गटारातल्या मृत्यूची भरपाई सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये १० लाख ठरवली, २०२३ मध्ये ३० लाख केली. रक्कम वाढली, पण माणसं उतरायची थांबली नाहीत. आणि तंत्रज्ञान नाही म्हणावं, तर केरळच्या इंजिनिअर पोरांनी मॅनहोल साफ करणारा ‘बँडिकूट’ रोबो २०१८ मध्येच कामाला लावला.

म्हणून एवढंच म्हणणं आहे. पुढच्या वेळी चेंबर उघडलं की आपण तिथे थांबायचं आणि विचारायचं, मशीन का नाही मागवलं? डर्बन लांब आहे, होस्टेलची मागची भिंत जवळ आहे. आपली टेप तिथे लावून बघू.

— तृतीय वर्ष, सिव्हिल