वहीतील आकडे आणि भिंतीवरील आलेख

स्मरणिकेत आठवणी लिहाव्यात असा संकेत आहे. वसतिगृहातील पहाट, शिस्त, स्नेहसंमेलने यांविषयी या अंकात अनेकांनी लिहिले असेलच. मला मात्र या निमित्ताने अभ्यासक्रमातील एका उपेक्षित प्रकरणाविषयी लिहावयाचे आहे. ‘सांख्यिकी’ हे ते प्रकरण. शाळेत ते हक्काच्या गुणांचे प्रकरण म्हणून ओळखले जाते. सारणी पूर्ण करा, स्तंभालेख काढा, मध्य शोधा. पट्टी-पेन्सिल जाग्यावर असली की गुण पदरात पडतात आणि विषय संपतो. पुढे वाणिज्य शाखेत गेलेली मुले धंद्यातील आकड्यांचे संक्षेपीकरण या नावाने हेच पुन्हा शिकतात, तेही बहुधा गुणांपुरतेच.

मी इतिहासाचा शिक्षक. या विषयात मी का लुडबुड करतो, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, सारणी आणि आलेख हे गणिताचे असण्यापूर्वी साक्षीपुराव्याचे साधन आहेत, आणि पुरावा तपासणे हा आमचा व्यवसाय आहे. शेकडो नोंदींचा गोषवारा एका सारणीत आणावयाचा तर काहीतरी वगळावेच लागते. काय वगळले आणि कोणी वगळले, हे विचारण्याची सवय या प्रकरणातून लागली पाहिजे. ती लागत नाही, ही माझी तक्रार आहे.

एक साधे उदाहरण घेऊ. आकडे मी सोयीसाठी कल्पिले आहेत, परंतु आठवडी बाजाराच्या गावात दुकान असलेल्या कोणत्याही माजी विद्यार्थ्याला ते ओळखीचे वाटतील. एका दुकानाची 30 दिवसांची विक्री 90,000 रुपये झाली. सरासरी काढली की दिवसाला 3,000 रुपये. हिशेब बिनचूक आहे. आता त्याच 30 नोंदींची, ताळ्याच्या खुणा करून, हजार-हजारांच्या वर्गांची वारंवारता सारणी करू.

1,000 ते 2,000 रुपये: 12 दिवस
2,000 ते 3,000 रुपये: 14 दिवस
3,000 ते 9,000 रुपये (सहाही वर्ग): एकही दिवस नाही
9,000 ते 10,000 रुपये: 4 दिवस

जी सरासरी आपण दुकानाची ओळख म्हणून सांगत होतो, तितकी विक्री महिनाभरात एकाही दिवशी झालेली नाही. चार दिवस बाजाराचे, सव्वीस दिवस एरवीचे. सरासरीवर विसंबून रोज 3,000 रुपयांचा भाजीपाला आणि दूध भरणारा दुकानदार सव्वीस दिवस माल फेकून देईल आणि बाजाराच्या दिवशी गिऱ्हाईक परत पाठवील. मध्यक काढला असता तर तो 2,000 ते 3,000 च्या वर्गात आला असता आणि एरवीच्या दिवसाचे चित्र अधिक खरे दिसले असते. मात्र बाजाराचे चार दिवस मध्यकाच्या दृष्टीस पडलेच नसते.

आता वर्ग हजारांऐवजी पाच हजारांचे घ्या. सारणीत दोनच ओळी उरतात: पाच हजारांखाली 26 दिवस, वर 4 दिवस. मधली मोठी पोकळी दिसेनाशी होते. उलट, शंभर-शंभरांचे वर्ग घेतले तर सारणी मूळ वहीइतकीच लांब होते आणि हाती काही लागत नाही. म्हणजे वर्गांतर किती घ्यावयाचे हा नुसता आकडेमोडीचा प्रश्न नाही. पाठ्यपुस्तकात तो निर्णय प्रश्न काढणाराच घेऊन ठेवतो. विद्यार्थ्याला वर्ग आयते मिळतात. त्याने केवळ खुणा करावयाच्या. सर्वांत महत्त्वाचा विचार ज्या पायरीवर करावयाचा, तीच पायरी आम्ही त्याच्यापासून काढून घेतो.

याच सारणीत आणखी एक गोष्ट हरवली आहे: वार. मोठ्या विक्रीचे चार दिवस सारणीत दिसतात. परंतु ते सात-सात दिवसांनी आले की लागोपाठ आले, हे वारंवारता सारणी सांगू शकत नाही. त्यासाठी आडव्या अक्षावर तारखा आणि उभ्या अक्षावर विक्री घेऊन रेषालेख काढावा लागतो. तो काढला की दर सातव्या दिवशी शिखर उभे राहिलेले दिसते. एकाच वहीतून दोन चित्रे निघतात आणि दोन्ही खरी असतात. कोणते चित्र काढावयाचे, हे विचारलेल्या प्रश्नावर अवलंबून. वृत्तालेखाविषयी मात्र माझे मत फारसे अनुकूल नाही. खर्चाचे चार-पाच वाटे दाखवावयास तो ठीक. पण जवळजवळ सारख्या दोन फाकांतील मोठी कोणती हे डोळ्यांना कळत नाही, आणि अहवालांतून तो रंगांच्या हौसेपोटीच छापला जातो, असा माझा अनुभव आहे.

या आलेखांचा जन्म शाळेत नव्हे, व्यापाराच्या आकड्यांतून झाला. विल्यम प्लेफेअर हा स्कॉटलंडचा गृहस्थ एकेकाळी वाफेच्या यंत्राचा प्रसिद्ध निर्माता जेम्स वॅट याच्याकडे आरेखनाचे काम करीत असे. 1786 साली त्याने लंडनमध्ये ‘कमर्शियल अँड पोलिटिकल अ‍ॅटलास’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. इंग्लंडची निरनिराळ्या देशांशी होणारी आयात-निर्यात त्याने वर्षांच्या क्रमाने रेषांनी दाखविली. स्कॉटलंडची मात्र एकाच वर्षाची आकडेवारी त्याच्या हाती होती. एका वर्षाची रेषा कशी काढणार? म्हणून त्याने सतरा ठिकाणांशी झालेल्या व्यापाराचे आडवे स्तंभ काढले. आज प्राथमिक वर्गात शिकविला जाणारा स्तंभालेख असा माहितीच्या कमतरतेतून आला. वृत्तालेखही त्याचाच, 1801 सालचा.

याच पुस्तकात ईस्ट इंडीजशी, म्हणजे आपल्याकडील भूभागाशी, चाललेल्या व्यापाराचाही आलेख आहे. त्या काळी इंग्लंडची इकडून होणारी आयात निर्यातीहून अधिक होती आणि आयात जास्त म्हणजे देशाचे नुकसान, अशी तेव्हाची समजूत होती. आयात-निर्यातीच्या दोन रेषा पाहणाऱ्याला वाटावे की इंग्लंड पैसे मोजते आहे आणि हिंदुस्थान श्रीमंत होतो आहे. परंतु 1765 मध्ये बंगालची दिवाणी मिळाल्यानंतर कंपनी तेथील शेतसाऱ्याच्या पैशांतूनच माल खरेदी करून इंग्लंडला नेऊ लागली. बंगालच्याच पैशाने बंगालचा माल! ही गोष्ट आयात-निर्यातीच्या दोन रेषांत कोठेही बसत नाही. तिच्यासाठी महसुलाची तिसरी रेषा हवी. पुढे दादाभाई नौरोजींनी आकड्यांची जुळवाजुळव करून संपत्तीच्या अपहाराचा प्रश्न मांडला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1915 साली कोलंबिया विद्यापीठात एम. ए. साठी जो प्रबंध सादर केला, त्याचा विषय ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि तिचा अर्थव्यवहार हाच होता. आपण बाबासाहेबांचे घटनाकार म्हणून स्मरण करतो ते योग्यच आहे; परंतु 1918 पासून काही काळ ते मुंबईच्या सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते, आकड्यांची सारणी हे त्यांचे रोजचे हत्यार होते, हे आपल्या भाषणांतून क्वचितच येते.

त्याच 1918 सालचा त्यांचा भारतातील लहान शेतजमिनींवरील निबंध मी वरच्या वर्गातील मुलांना आवर्जून समजावून सांगतो. जमिनीचे तुकडे फार लहान झाले, ते एकत्र करून वाढवावेत, असा त्या वेळी बोलबाला होता. त्यासाठी सरासरी धारणक्षेत्राचे आकडे पुढे केले जात. बाबासाहेबांनी विचारले ते असे की, जमीन लहान की मोठी हे एकट्या क्षेत्रफळावरून कसे ठरवणार? शेतकऱ्याजवळ बैल किती, अवजारे किती, भांडवल किती, हे शेजारी मांडल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. तसे मांडून पाहिल्यावर त्यांचा निष्कर्ष उलट निघाला: उपलब्ध साधनांच्या मानाने जमीन लहान नव्हे, मोठीच आहे, कमतरता भांडवलाची आहे आणि शेतीवरचा अतिरिक्त भार उद्योगांकडे वळविला पाहिजे. एका स्तंभाच्या सारणीला त्यांनी दुसरा स्तंभ जोडला आणि प्रश्नच बदलून गेला.

हा दुसरा स्तंभ न मागितल्याने काय होते, ते आमच्या भागातील अनेक कुटुंबांनी सोसले आहे. एका पतसंस्थेत आम्हा काही शिक्षकांच्या, कितीएक सेवानिवृत्तांच्या आणि धुणीभांडी करणाऱ्या भगिनींच्याही ठेवी होत्या. संस्थेच्या कार्यालयात प्रवेश करताच समोरच्या भिंतीवर मोठा रंगीत स्तंभालेख दिसे. दरवर्षीचा स्तंभ आधीच्यापेक्षा उंच. त्याखाली अक्षरे: ‘वाढत्या ठेवी, वाढता विश्वास’. पुढे एके वर्षी पैसे मिळणे थांबले. अजूनही काहींचे मिळालेले नाहीत.

त्या आलेखात खोटा आकडा एकही नव्हता. ठेवी खरोखरच वाढत होत्या. परंतु ठेव ही ठेवीदाराची मालमत्ता असली तरी संस्थेचे ते देणे असते. ताळेबंदात ती देण्यांच्या बाजूस लिहितात. म्हणजे भिंतीवर टांगलेला तो चढता आलेख संस्थेच्या वाढत्या देण्याचा होता, आणि आम्ही तो संस्थेच्या श्रीमंतीचा म्हणून वाचत होतो. ते देणे फिटणार होते कर्जदारांकडून येणाऱ्या पैशांतून. एकूण कर्जाशी थकबाकीचे शेकडा प्रमाण दरवर्षी किती, हा खरा दुसरा स्तंभ. तो वार्षिक अहवालाच्या शेवटच्या पानांवर बारीक टाइपात होता. कोणी लपविला नव्हता. फक्त त्याचा आलेख कोणी काढला नव्हता. सर्वसाधारण सभेत अहवाल वाटला जाई, ‘सर्वांना मंजूर’ असा आवाज होई आणि मंडळी अल्पोपाहाराकडे वळत.

अक्षाचा आरंभ कोठून केला, हे पाहण्याची सवयही अशीच जीव वाचविणारी आहे. एखाद्या व्यवसायाचा नफा एका वर्षी 48 लाख आणि पुढच्या वर्षी 50 लाख झाला, असे समजा. वाढ शेकडा चार-सव्वाचार. उभा अक्ष शून्यापासून घेतला तर दोन स्तंभ जवळजवळ सारखे दिसतील. तोच अक्ष 47 पासून सुरू केला तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या तिप्पट उंच दिसेल. वस्तीत गुंतवणुकीच्या योजना घेऊन येणाऱ्या दलालांच्या चकचकीत पत्रकांवर माझी नजर प्रथम या कोपऱ्याकडे जाते.

आता संगणक क्षणात आलेख काढतो, मग मुलांना आलेखकागदावर का राबवावयाचे, असा आक्षेप काही पालक आणि तरुण सहकारी घेतात. संगणकाला माझा विरोध नाही. परंतु आकडे एकमेकांच्या जवळचे असले की एक्सेल पुष्कळदा अक्षाचा आरंभ आपण होऊन शून्याच्या वर नेते, हे किती जणांच्या लक्षात येते? ज्याने एकदा स्वतः प्रमाण ठरविले, एका सेंटिमीटरला किती रुपये हे कागदाच्या कडेला लिहिले, त्यालाच ते खटकते. हाताने दहा आलेख काढून झाल्यावर अकरावा खुशाल संगणकावर काढावा.

इतिहासाच्या वर्गात मी मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सुरू झालेला दख्खनचा उठाव शिकवितो. शेतकऱ्यांनी सावकारांची घरे गाठली ती मुख्यत्वे कर्जरोख्यांसाठी. कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या त्यांनी जाळल्या. व्यवहार दोघांचा, पण कागद एकाच्या हाती आणि त्यालाच वाचता येणारा, अशी ती स्थिती होती. 1879 च्या शेतकरी साहाय्य कायद्याने ऋणकोला पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक मागण्याचा अधिकार दिला. अधिकार आला, परंतु मिळालेला हिशेब वाचणार कोण, हा प्रश्न शिल्लक राहिला. आज आपल्या मुलामुलींना अक्षरे आणि अंक दोन्ही येतात. तरी चाळीस पानी अहवाल समोर आला की आपणही शेवटची पाने न उघडता मिटतो.

म्हणून माझी सूचना अशी आहे. नववीपासून सांख्यिकीच्या प्रकरणाला पाठ्यपुस्तकातील उदाहरणांबरोबर खऱ्या वह्यांची जोड द्यावी. आपल्या भोजनगृहाच्या धान्य-किराण्याची वर्षाची बिले ही पहिली वही. परिसरातील महिला बचत गटांनी संमती दिल्यास त्यांची कर्जफेडीची नोंदवही ही दुसरी. वर्गांतर विद्यार्थ्यांनीच ठरवावे, दोन गटांनी दोन वेगळी वर्गांतरे घ्यावीत आणि चित्र का बदलले ते एकमेकांना समजावून सांगावे. परीक्षेत याला फारसे गुण नाहीत, हे मला ठाऊक आहे.

तिसरी वही माजी विद्यार्थ्यांकडून हवी आहे. आपल्यापैकी कोणी किराणा चालवितो, कोणी गॅरेज, कोणी झेरॉक्सचे दुकान, कोणी छोटी ठेकेदारी. जुन्या वहीतील एखाद्या महिन्याच्या पानांच्या प्रती शाळेकडे पाठवाव्यात. उधारीवाल्यांची नावे झाकावीत, तारखा मात्र राहू द्याव्यात. मुलांनी केलेली सारणी आणि आलेख आम्ही तुम्हाला परत पाठवू. त्यांत काही चुकले असेल तर दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्यालाच ते आधी कळेल, आणि तसे त्याने मुलांना सविस्तर लिहून कळवावे.